बिल आहे, परवाना आहे. मग औषध विकणाऱ्याची जबाबदारी तिथेच संपते का?

खलबत्ता

आमचे औषधांचे दुकान तालुक्याच्या गावी आहे. वडिलांनी ते १९७८ साली सुरू केले आणि गेली एकवीस वर्षे मी चालवतो आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट मी स्वतःच आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एका स्टॉकिस्टच्या, म्हणजे आम्हा दुकानदारांना माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याच्या, माणसाने लहान मुलांच्या खोकल्याचे एक सिरप दाखवले. छापील किंमत ९६ रुपये, मला पडणार १९ रुपयांना, शिवाय दहावर दोन बाटल्या फुकट. आमच्या व्यापारात अशा मालाला 'जनरिक' म्हणतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या मालाला 'एथिकल' म्हणतात. हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारत आलो, पण त्याचा अर्थ 'नीतीला धरून असलेले' असा होतो, याचा विचार ऑक्टोबरपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता. मी वीस बाटल्या घेतल्या, चार फुकट आल्या.

ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातील बातम्या येऊ लागल्या. खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले, जिथे मर्यादा ०.१ टक्का आहे. माझ्याकडचे सिरप वेगळे होते, कंपनीही वेगळी होती. तरीही त्या रात्री दुकान बंद करताना मी फळीवरच्या उरलेल्या बाटल्या मोजल्या. बारा होत्या. म्हणजे बारा विकल्या गेल्या होत्या. लेबल नीट वाचले तेव्हा लक्षात आले की बनवणारी कंपनी एका राज्यातली, विकणारी दुसऱ्या राज्यातली, आणि या दोघांपैकी कोणाचेही नाव मी त्यापूर्वी ऐकलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी स्टॉकिस्टला फोन करून या बॅचचा तपासणी अहवाल मागितला. तो रागावला नाही, उलट मला धीर द्यावा तशा स्वरात म्हणाला, "बिल आहे ना तुमच्याकडे? बिलावर परवाना नंबर आहे ना? मग आपल्यावर काही येत नाही."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्यात खोटे काहीच नव्हते. माझ्या लहानपणी वडील दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे मिक्स्चर तयार करत. बाटलीवर डोसाच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी खळीने चिकटवत आणि पट्टीच्या खालच्या टोकाला बारीक अक्षरात आपली सही करत. ती सही कोणत्या कायद्याने मागितलेली नव्हती. आज माझ्याकडे कायद्याने मागितलेले सगळे कागद आहेत, आणि बाटलीत काय आहे ते मात्र मला ठाऊक नाही.

माझा प्रश्न असा आहे: साखळीतल्या शेवटच्या माणसाची, म्हणजे माझी, जबाबदारी नेमकी कुठवर आहे? आणि ही 'आपल्यावर काही येत नाही' वृत्ती अलीकडची आहे, की व्यापारात ती पहिल्यापासूनच होती?

---

निळा लिटमस

खलबत्ता, मी औषधनिर्मिती कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात बावीस वर्षे काढली आहेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या दुकानापासून बरेच मागे, कारखान्याच्या गोदामात सुरू होते, म्हणून तिथले सांगतो.

सिरपमध्ये खरे औषध चिमूटभर असते. उरलेले म्हणजे साखर, पाणी, आणि औषध विरघळून राहावे म्हणून घातलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल. प्रॉपिलीन ग्लायकॉल दोनशे किलोंहून जास्त वजनाच्या ड्रममध्ये येते. औषधासाठीचे वेगळे, उद्योगासाठीचे वेगळे, आणि दोघांच्या भावात फरक. डायएथिलीन ग्लायकॉल रेझिन, ब्रेक ऑइल अशा गोष्टींसाठी वापरतात आणि ते त्याहून स्वस्त असते. दिसायला तसेच पाण्यासारखे स्वच्छ, तसेच दाटसर, चवीलाही गोड. डोळ्यांनी, नाकाने, जिभेने फरक कळत नाही. प्रयोगशाळेत मात्र तो कळतो आणि फार वेळही लागत नाही. आमच्याकडे सकाळी नमुना आला तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत निकाल हातात असे. ही चाचणी अवघड असती, महागडी असती किंवा कालपरवा सापडलेली असती, तर या मृत्यूंकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले असते.

गोदामात आलेल्या ड्रमवर पिवळे लेबल लागते, म्हणजे तपासणी बाकी आहे. तपासून झाले की हिरवे, नापास झाले की लाल. पिवळ्याचे हिरवे करण्यासाठी गुणवत्ता विभागातल्या माणसाची सही लागते. नोकरीच्या सहाव्या वर्षी, मार्च अखेरीच्या घाईत, रात्री नऊ वाजता उत्पादन विभागाचे साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. टाकी धुऊन तयार होती, साखरेचा पाक झाला होता, माणसे थांबली होती. ते म्हणाले, "त्याच व्यापाऱ्याचा माल आहे, मागचा लॉट चांगला निघाला होता, सोबत त्यांचा तपासणीचा दाखला आहे, लेबल लाव." मी दाखल्यावरचे आकडे आमच्या फॉर्ममध्ये उतरवले आणि हिरवी लेबले लावली. चाचणी केली ती तिसऱ्या दिवशी, तोवर बॅच बाटल्यांत भरून झाली होती. माल निर्दोष निघाला. तो निर्दोष निघाला यात माझे कर्तृत्व शून्य आहे, ही गोष्ट मी सोळा वर्षे कोणापाशी बोललो नव्हतो.

त्या रात्री मला कोणी लाच दिली नाही, धमकी दिली नाही. आमच्या गोदामपालाने मात्र हिरवी लेबले पाहून विचारले होते, "सर, नमुना कधी काढला? माझ्या वहीत नोंद नाही." तो दहावी शिकलेला माणूस होता. ड्रमचे बूच उघडले की तो स्वतः वहीत वेळ लिहायचा. मी त्याला "झालंय ते" एवढेच म्हणालो. पुढे माझ्यात जो बदल झाला तो कुठल्या प्रशिक्षणाने झाला नाही, त्याच्या त्या प्रश्नाने झाला.

म्हणून तुमच्या वडिलांच्या पट्टीवरच्या सहीबद्दल वाचून मी थांबलो. त्या सहीचा अर्थ 'हे मी केले आहे' असा होता. माझ्या सहीचा अर्थ 'माझ्याकडे दुसऱ्याचा कागद आहे' असा होता, आणि त्या दुसऱ्याकडे बहुधा तिसऱ्याचा असावा.

---

अनुच्छेद

दोन्ही लेखन मनापासून आवडले, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. पूर्वीचे लोक जबाबदार होते आणि आता ऱ्हास झाला, अशी मांडणी केली की आपण एका सोयीच्या दुःखात जाऊन बसतो. या विशिष्ट विषाचा इतिहास तसे सांगत नाही.

१९३७ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅसेनगिल कंपनीने सल्फानिलमाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले. चव तपासली, रंग तपासला, वास तपासला. ते प्यायल्यावर माणसाचे काय होते ते तपासले नाही. शंभराहून अधिक लोक मरण पावले, त्यांत पुष्कळ मुले होती. कंपनीच्या मालकांनी आपली कोणतीही जबाबदारी नसल्याचे जाहीरपणे सांगितले. आणि कायद्याच्या चौकटीत ते बरोबर होते, कारण औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याचे बंधन तेव्हा नव्हतेच. कंपनीला दंड झाला तो 'एलिक्झिर' हा शब्द चुकीचा वापरल्याबद्दल, कारण त्या शब्दाचा अर्थ मद्यार्कातले औषध असा होतो आणि यात मद्यार्क नव्हता. ज्या रसायनतज्ज्ञाने ते मिश्रण तयार केले होते त्याने मात्र आत्महत्या केली. १९३८ चा अमेरिकी औषध कायदा या मृत्यूंतून आला.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन दिले जात होते आणि त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. पुरवठादार, रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय अशा एकेका पायरीवर कोणी काय करायला हवे होते आणि काय केले, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे लिहिले की आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्रात ज्याला या विषयाची कळकळ आहे त्याने तो काळ विसरता कामा नये, कारण छिंदवाड्याला जे झाले त्यात नवीन असे काहीही नाही. गुरुग्राममध्ये १९९८ साली झाले, जम्मूच्या रामनगरमध्ये २०१९-२० च्या हिवाळ्यात झाले.

निळा लिटमस यांनी 'दुसऱ्याचा कागद' म्हटले, त्याचे सर्वांत भयंकर रूप पनामात २००६ साली दिसले. चीनमधल्या एका कारखान्यातून निघालेले द्रव्य बीजिंगच्या आणि मग बार्सिलोनाच्या व्यापाऱ्यांमार्फत पनामाला गेले. प्रत्येक टप्प्यावर दाखल्याची नक्कल नव्या नावाने पुढे सरकली आणि मूळ कारखान्याचे नाव गळून पडले. सरकारी प्रयोगशाळेने ते ग्लिसरीन समजून खोकल्याच्या औषधात घातले. शंभराहून अधिक माणसे गेली. ड्रम अर्ध्या जगातून फिरला आणि वाटेत एकानेही आतला द्रव तपासला नाही.

आता खलबत्ता यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यातील कलम १९(३) विक्रेत्याला संरक्षण देते. माल परवानाधारकाकडून घेतला, योग्य रीतीने साठवला, आणि दोष असल्याचे माहीत नव्हते, हे दाखवले की सुटका होते. स्टॉकिस्टने तुम्हाला सांगितले ते याच कलमाचे बाजारी भाषांतर आहे. पण त्या कलमात आणखी एक अट आहे जी बाजारात कोणी उच्चारत नाही: वाजवी काळजी घेऊनही दोष कळू शकला नसता, हेसुद्धा विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. ९६ रुपयांची बाटली १९ रुपयांना आणि वर फुकट मिळते, कंपनीचे नाव कधी ऐकलेले नाही, बॅचचा अहवाल मागितला तर मिळत नाही. अशा वेळी वाजवी काळजी म्हणजे काय, हा प्रश्न कायद्यानेच तुमच्यासमोर ठेवलेला आहे. शिवाय कलम २६ प्रमाणे, विकत घेतलेले औषध कोणीही सामान्य ग्राहक ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. ही तरतूद किती ग्राहकांना माहीत आहे?

---

घाऊक

मी स्टॉकिस्ट आहे. इथे आमच्याविषयी जे लिहिले गेले त्याचा मला राग नाही, पण आमच्या बाजूची अडचण मांडल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही.

माझ्या गोदामात काही हजार प्रकारचा माल आहे. प्रत्येक बॅच मी स्वतः तपासून घ्यायचे म्हटले तर एका नमुन्याचा खर्च त्या बॅचवरच्या माझ्या नफ्याहून जास्त होतो. स्वस्त माल मी नाकारला तर शेजारचा घेतो, आणि खलबत्ता यांच्यासारखे दुकानदारच मला फोन करून विचारतात की तुमच्याकडे दहावर दोन का नाही. जो माणूस नीती पाळतो त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, हे मी वडिलांच्या आणि माझ्या अशा दोन पिढ्यांत पाहिले आहे. मग सगळे ओझे त्याच्या सदसद्विवेकावर टाकून सरकारने मोकळे व्हायचे का?

भारतात बनलेल्या सिरपशी जोडल्या गेलेल्या, आफ्रिकेतल्या गांबिया देशातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर परदेशी जाणारे खोकल्याचे सिरप १ जून २०२३ पासून आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेण्याचे बंधन आले. देशात विकल्या जाणाऱ्या सिरपसाठी असे बंधन तेव्हा घातले गेले नाही. कारखान्यांसाठी सुधारित नियम आले, पण छोट्या कारखान्यांना त्यासाठीची मुदत २०२५ च्या अखेरपर्यंत वाढवून मिळाली. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये औषध कायद्याच्या कलम २७(ड) खालचे गुन्हे रक्कम भरून मिटवण्याची सोय केली. निकृष्ट औषधांची बरीचशी प्रकरणे याच कलमात बसतात. हे निर्णय घेणाऱ्यांनी जबाबदारी सोडली आणि आम्हाला ती धरून ठेवायला सांगितले जात आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

---

वैनगंगा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, विदर्भात काम करते. छिंदवाड्याची मुले माझ्याकडे आली नव्हती, पण या विषाने काय होते ते शिकताना वाचलेले आहे आणि मूत्रपिंडे बंद पडलेले मूल मी पाहिलेले आहे. सुरुवातीला आईला एवढेच जाणवते की लंगोट कोरडा राहतो आहे. ताप उतरलेला असतो, खोकला कमी वाटतो, म्हणून ती निश्चिंत असते. मग उलट्या, सुस्ती, चेहऱ्यावर सूज. ज्या आईने चमचा मोजून, रडणाऱ्या मुलाचे नाक धरून ते औषध पाजलेले असते, तिला पुढे आयुष्यभर काय सोसावे लागत असेल याची कल्पना या साखळीतल्या प्रत्येकाने सही करताना करावी.

घाऊक यांचे म्हणणे मला अर्धे पटते. सरकारवर बोट ठेवलेच पाहिजे. पण माझ्या व्यवसायाचे बोलायचे तर ही बाटली मुळात लिहिली कोणी? लहान मुलांचा साधा सर्दी-खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. पाच वर्षांखालील मुलांना ही औषधे सहसा देऊ नयेत आणि दोन वर्षांखालच्यांना मुळीच देऊ नयेत, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्व राज्यांना कळवले. आम्हा डॉक्टरांना हे त्याआधीही माहीत होते. तरी आम्ही लिहितो, कारण शंभर किलोमीटरवरून आलेल्या आजीला "पाणी पाजा, वाफ नको, चार दिवस वाट पाहा" असे सांगितले की ती म्हणते, "म्हणजे औषध काहीच नाही का?" आणि बाहेर पडून दुसऱ्या दवाखान्यात जाते. समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात, सिरपचे नाव लिहायला दहा सेकंद. मी स्वतः ती दहा सेकंदांची वाट कितीतरी वेळा धरली आहे. त्या चिठ्ठीखाली माझी सही असते.

---

निळा लिटमस

घाऊक, तुमच्या खर्चाच्या मुद्द्यावर एक व्यवहारातली गोष्ट. तुम्ही बॅच तपासायची गरज नाही. बॅचचा अहवाल आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉलच्या चाचणीची स्वतंत्र ओळ एवढेच मागा. जो कारखाना चाचणी करतो त्याला तो पाठवायला पाच मिनिटे पुरतात. आलेला कागद वाचताना तारखा पाहा. आकडे कोणीही टंकतो, तारखा जुळवायला मात्र लोक विसरतात.

---

खलबत्ता

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांचे आभार.

विकलेल्या बारा बाटल्यांपैकी सातांची नावे बिलांवरून सापडली. त्या सात घरी मी स्वतः गेलो. सगळी मुले ठणठणीत आहेत. बहुतेक घरांतली बाटली संपून गेली होती. एका घरी ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात अर्धी भरलेली होती. मुलाची आई म्हणाली, "औषध वाईट होतं का?" मी "माहीत नाही" म्हणालो. एकवीस वर्षांत गिऱ्हाइकाला असे उत्तर मी पहिल्यांदाच दिले. तिने काही न बोलता बाटली माझ्या हातात ठेवली. उरलेल्या पाच बाटल्या रोखीने, बिल न करता गेल्या होत्या. बिल न करणे ही माझी चूक आहे आणि त्या पाच घरांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मला सापडलेला नाही. दुकानाबाहेर बॅच नंबरासह पाटी लावली आहे, अजून कोणी आलेले नाही.

स्टॉकिस्टकडे लेखी मागणी केल्यावर नवव्या दिवशी अहवाल आला. निळा लिटमस यांनी सांगितल्याप्रमाणे तारखा पाहिल्या. अहवालावरची तारीख माझ्या बिलाच्या तारखेनंतर सहा आठवड्यांची आहे, म्हणजे माल माझ्या फळीवर पोहोचला तेव्हा हा कागद जन्मालाही आला नव्हता. डायएथिलीन ग्लायकॉलची ओळ त्यात आहे, आणि तिच्यापुढे आकड्याऐवजी 'योग्य' असा एकच शब्द आहे. मी दोन्ही कागदांच्या प्रती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात दिल्या.

परवा औषध निरीक्षक आले होते. त्यांनी पंचनामा केला, बाटल्यांवर लाख लावून सील केले, आणि नियमाप्रमाणे नमुन्यातला एक भाग माझ्याकडे ठेवून बाकीचा प्रयोगशाळेकडे नेला. निकालाला वेळ लागेल म्हणाले. माझ्याकडची सीलबंद बाटली गल्ल्याखालच्या खणात आहे. वडील त्या खणात डोसाच्या पट्ट्या आणि खळीची वाटी ठेवत असत.